कळ कुठून येते?

(शहागंज येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘पुरुषांच्या वृषणातील जुनाट वेदना’ हा विषय आयोजकांनी आडपडदा न ठेवता पत्रिकेवर छापला, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना इथल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. कितीही गर्दी असली तरी ते एकेका रुग्णाला पडद्याआड नेऊन तपासत, आणि पुरुष माणूस कंपाउंडरसमोर बोलायला संकोचला तर कंपाउंडरला बाहेर पाठवत. आज मी जे सांगणार आहे त्याचा बराचसा भाग त्या पडद्याआडच्या तपासणीविषयीच आहे.

वृषणातली वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकली की आम्ही तिला जुनाट म्हणतो. ती एका बाजूला असेल किंवा दोन्हीकडे, सतत असेल किंवा येऊन-जाऊन. काम, झोप आणि संसार यांत ती आडवी येऊ लागली की तिच्याकडे आजार म्हणूनच बघायला हवं. असे रुग्ण कमी नाहीत, पण ते उशिरा येतात. जुन्या मोंढ्यातला हमाल ‘जांघ भरून येते’ म्हणतो. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण ‘ओटीपोटात ओढ लागते’ म्हणतो. इथलाच एखादा कापडवाला ‘डॉक्टरसाब, नीचे खिंचाव रहता है’ एवढं म्हणून खाली बघत बसतो. बोट ठेवून दाखवा म्हटलं की मग जागा कळते. तोवर त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच वेळा घेतलेल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या असतात, दोन सोनोग्राफ्या असतात, कुठल्याशा तेलाची बाटली असते. भिंतीवरची जाहिरात वाचून गाठलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’ला मोजलेले पैसे मात्र कुठल्याच कागदावर नसतात.

अशा जाहिरातींना आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा असं त्याचं नाव. ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत गुप्तरोगांबरोबर हायड्रोसीलही आहे. सत्तर वर्षं उलटली तरी बसस्टँडमागच्या भिंती रंगलेल्याच आहेत, कारण त्या भिंतीवरचा माणूस रुग्णाला लाजवत नाही. आम्ही डॉक्टर लाजवतो. ‘काही नाही, मनाचं आहे’ असं म्हणून रुग्णाला परत पाठवलं की तो जातो तो थेट त्या भिंतीकडे.

या ठिकाणी रघुनाथ धोंडो कर्व्यांची आठवण काढली पाहिजे. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावलेल्या या माणसाने १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे हयातभर, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालवलं. घरात, मित्रांत, डॉक्टरांपुढेही जे विचारता येत नव्हतं ते वाचक त्यांना पत्राने विचारत, आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं छापत. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाला स्वतःच्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि खरं उत्तर मिळवण्याचा अधिकार आहे, ही बाजू त्या दिवशी न्यायालयात मांडली गेली. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय काढलं, त्या शहरात हा विषय जाहीरपणे बोलताना मला संकोच वाटत नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वृषणात दुखतं म्हणजे दुखण्याचं मूळ वृषणातच असतं का? पुष्कळदा नसतं. हे समजायचं तर जन्माआधीची गोष्ट माहीत हवी. गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडाच्या शेजारी. तिथून ते हळूहळू खाली सरकतात आणि सातव्या महिन्याच्या सुमाराला जांघेतल्या वाटेने अंडकोशात उतरू लागतात. उतरताना आपली रक्तवाहिनी आणि आपल्या नसा ते बरोबर घेऊन येतात. म्हणून वृषणाची धमनी जांघेतून न निघता थेट पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या खालून निघते. वृषणाच्या संवेदना ज्या मज्जातंतूंतून वर जातात, त्यांचं मज्जारज्जूतलं ठिकाण मूत्रपिंडाच्या आणि मूत्रनळीच्या तंतूंच्या लगतचं आहे. चेंडू लागला की पोटात गोळा येतो आणि मळमळतं ते यामुळेच.

हाच रस्ता उलट दिशेनेही चालतो. मूत्रनळीत खडा अडकला की कळ कमरेतून निघून जांघेत आणि वृषणात उतरते. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी असेल तर कधीकधी कमरेत काहीच नसतं, फक्त खाली दुखतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पाण्याची टंचाई आणि अंगातून निथळणारा घाम अशा दुहेरी कोरडेपणात, मुतखडा हा आपल्या घरोघरचा आजार आहे. तरीही वृषणात दुखतं म्हणून महिनाभर ‘इन्फेक्शन’चं औषध घेतलेला आणि सोनोग्राफी फक्त अंडकोशाची झालेला माणूस येतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. पोटाची तपासणी त्याच दिवशी झाली असती तर खडा तेव्हाच दिसला असता.

मणक्याची दबलेली नस, नितंबाच्या सांध्याचं दुखणं, जांघेतला हर्निया, म्हणजे आपण अंतर्गळ म्हणतो तो, हे सगळे वृषणात कळ पाठवू शकतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेतली एखादी नस जाळीत किंवा टाक्यात सापडते. हर्निया बरा होतो आणि कळ मागे राहते. अशी कळ वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत, आणि ‘ऑपरेशन तर चांगलं झालं’ हे उत्तर त्यांच्या काहीच कामाचं नाही. आणखी एक कारण आपल्याकडे क्वचितच तपासलं जातं: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. दिवसभर गल्ल्यावर किंवा रिक्षाच्या सीटवर बसणाऱ्या, चिंतेने अंग आवळून धरणाऱ्या माणसाचे हे स्नायू सतत ताठलेले राहतात. बसल्यावर, शौचाच्या वेळी किंवा वीर्यपतनानंतर दुखणं वाढत असेल तर तिकडे बघायला हवं. तिथे औषधापेक्षा फिजिओथेरपी उपयोगी पडते, आणि तीही स्नायू सैल करण्याची. मोबाइलवर बघून स्नायू आवळण्याचे व्यायाम केले तर दुखणं वाढतं.

जुनाट दुखण्याकडे पुढे जाण्याआधी, ज्यात थांबायचं नसतं अशा दोन गोष्टी सांगतो. आयांनी आणि वडिलांनी हे विशेष ऐकावं.

बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला अचानक, बहुधा पहाटे किंवा खेळून आल्यावर, एका बाजूला जोराची कळ आली, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा बंद होतो. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचतो, त्यानंतर दर तासाला शक्यता कमी होत जाते. अशा वेळी शहागंजातून रिक्षा करा आणि थेट घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. सकाळी ओपीडी उघडेल म्हणून थांबू नका. माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक सांगणं आहे. मुलं ‘पोट दुखतंय’ म्हणतात, खाली दुखतंय असं म्हणत नाहीत. किशोरवयीन मुलाचं पोट तपासताना त्याची चड्डी खाली करून वृषण पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं धरू नका. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेल्या मुलाचा वृषण दुसऱ्या दिवशी काढावा लागतो, आणि ते नुकसान फक्त एवढ्या तपासणीने टळलं असतं. काही मुलांत पीळ पडतो आणि आपोआप सुटतो, पुन्हा काही आठवड्यांनी पडतो. ‘अधूनमधून जोरात दुखतं आणि तासाभरात थांबतं’ असं मुलगा सांगत असेल तर ती पुढच्या संकटाची सूचना आहे. वेळीच दोन्ही वृषण टाके घालून जागेवर पक्के करता येतात.

दुसरी गोष्ट कर्करोगाची. तो बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो राहून जातो. पंधरा ते चाळीस या वयात वृषणात टणक, न दुखणारी गाठ लागली तर ती ‘बघू’ म्हणून सोडायची नसते. लहानपणी ज्यांचा वृषण खाली उतरला नव्हता त्यांना धोका अधिक असतो. म्हणून बाळ दीड वर्षाचं होण्याआधी ती शस्त्रक्रिया करून घ्यावी. सुदैवाने हा सर्वांत बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर औषधांबरोबर वापरून या रोगाचं भवितव्यच पालटलं. आपल्या युवराजसिंगच्या छातीत २०११ मध्ये सापडलेली गाठ याच जातीच्या पेशींची होती, आणि उपचारासाठी तो त्याच आइनहॉर्न यांच्याकडे गेला होता. आमखास मैदानाजवळचं आपलं शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला सर्वांना माहीत आहे. गाठीची शंका असेल तर तिथपर्यंत जायला उशीर करू नका.

ही दोन संकटं बाजूला काढली की जुनाट दुखण्याचा तपास सावकाश, नीट करता येतो. आपल्या भागात काय काय सापडतं? सर्वाधिक दिसते ती फुगलेल्या शिरांची गाठोळी, व्हेरिकोसील. शंभरांतल्या पंधरा पुरुषांत ती असते आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. डाव्या बाजूला ती जास्त होते, कारण डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त वर चढायला अडचण पडते. दिवसभर उभं राहिल्यावर, ओझं उचलल्यावर जडपणा वाढतो आणि आडवं पडलं की कमी होतो. अशी लक्षणं असतील तर शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो. नसतील तर केवळ सोनोग्राफीत फुगलेल्या शिरा दिसल्या म्हणून कापाकापी करू नये.

मग हायड्रोसील, अंडवृद्धी. आपल्याकडे हा फार जुना आजार आहे. सुश्रुताने निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूत्रवृद्धी म्हणजे आजचं हायड्रोसील आणि आंत्रवृद्धी म्हणजे हर्निया असा फरक केलेला आहे. पाणी काढण्याची रीतही त्याने दिली आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा इथे आणि आपल्या मराठवाड्यातल्या नांदेडकडे पुष्कळ हायड्रोसील हत्तीरोगाच्या जंतांमुळे होतात. ते जंत बहुधा रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर दारात रक्त घ्यायला येतात. त्यांना परत पाठवू नका.

क्षयरोगही इथे येतो. वृषणामागच्या अधिवृषणात टणक गाठी, शुक्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी खडबडीत, कधी कातडी फुटून वाहणारी जखम, आणि लघवीत जंतू न सापडताही पू. नेहमीच्या अँटिबायोटिकने हे बरं होत नाही. उलट काही औषधांनी क्षय अर्धवट झाकला जातो आणि निदान लांबतं. तरुणांमध्ये अधिवृषणाची सूज बहुधा लैंगिक संबंधातून आलेल्या जंतूंमुळे असते, चाळिशी-पन्नाशीपुढे लघवीतल्या जंतूंमुळे. पहिल्या प्रकारात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. ते सांगायची डॉक्टरला लाज वाटली तर आजार पुन्हा घरात येतो.

नसबंदीविषयीही बोललं पाहिजे, कारण बायकाही समोर बसल्या आहेत आणि हा प्रश्न त्यांच्याही पोटाशी येतो. जानेवारी १९७६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लक्ष्य गाठण्यासाठी रस्त्यावरची माणसं पकडून शस्त्रक्रियेला नेली गेली. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या. त्या दहशतीची किंमत पुढे बायकांनी मोजली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं आणि पुरुषांचं ०.३ टक्के. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावं लागतं, पुरुषाची दहा-पंधरा मिनिटांत, बिनटाक्याची होते. तिने ताकद जात नाही, संप्रेरक कमी होत नाही, कमजोरी येत नाही. हे मी ठामपणे सांगतो.

तितक्याच ठामपणे दुसरी बाजूही सांगतो. नसबंदी केलेल्या शंभर पुरुषांपैकी एका-दोघांना त्रास देणारी जुनाट वेदना राहते. अधिवृषणात दाब वाढतो, कापलेल्या टोकाशी गाठ होते, किंवा नस दुखावते. त्यांना ‘सरकारी शस्त्रक्रियेत काही होत नाही’ असं सांगणं अन्याय आहे. त्यांच्यावर उपचार आहेत, काहींत शुक्रवाहिनी पुन्हा जोडल्यानेही आराम पडतो. शस्त्रक्रियेआधी हा एक-दोन टक्क्यांचा धोका स्पष्ट सांगितला तर पुरुष पळून जातील, अशी भीती कार्यक्रम राबवणाऱ्यांना वाटते. मला वाटतं, बार्शीनंतर विश्वास कमवायचा दुसरा मार्गच नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. सगळा तपास केला, लघवी स्वच्छ, डॉपलर सोनोग्राफी चांगली, पोटात खडा नाही, मणका ठीक, आणि तरीही दुखतं. असे रुग्ण थोडेथोडके नसतात. लंडनचे शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८३० मध्ये वृषणांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी या दुखण्याचं वर्णन केलं आहे. अगदी हलकं बोट लावलं तरी सहन न होणारा वृषण, बाहेरून काहीच दोष नाही, आणि वेदनेने जेरीस आलेला माणूस. कूपर यांनाही काहींचा वृषण काढावा लागला होता. दोनशे वर्षांत आपण एक गोष्ट नक्की शिकलो आहोत. सूज, मार किंवा शस्त्रक्रिया होऊन गेली तरी शुक्ररज्जूतल्या, म्हणजे वृषण ज्या दोरीला लटकतो तिच्यातल्या, बारीक नसा पुढेही दुखण्याचे संदेश पाठवत राहतात, आणि मेंदू व मज्जारज्जू त्या संदेशांना अधिकाधिक संवेदनशील होत जातात. वेदना खरी असते. ती मनातून काढलेली नसते. मात्र महिनोन्महिने दुखत राहिलेल्या माणसाचं मन खचतं, झोप जाते, नवरा-बायकोत दुरावा येतो, आणि त्यावरही उपचार करावा लागतो.

मग काय करायचं? आधी साधं. घट्ट आधाराची चड्डी किंवा लंगोट, ओझ्याचं काम काही दिवस कमी, वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ठरावीक मुदतीसाठीच, कारण त्याने मूत्रपिंड बिघडू शकतं. लघवीत किंवा तपासणीत जंतुसंसर्गाचा पुरावा नसेल तर अँटिबायोटिक नको. मग नसांची औषधं: अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन. इथे एक अडचण नेहमी येते. घरातलं कुणीतरी गोळीचं नाव मोबाइलवर शोधतं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणतं, आणि रुग्ण रागावून ती बंद करतो. कमी मात्रेत ती नसांचं दुखणं कमी करते म्हणून दिलेली असते. आम्ही डॉक्टरांनी ते चिठ्ठी लिहितानाच सांगितलं पाहिजे.

एवढ्याने भागलं नाही तर शुक्ररज्जूभोवती भुलीचं इंजेक्शन. हा उपचार आहे, आणि त्याहून अधिक तो तपास आहे. इंजेक्शनने काही तास का होईना वेदना निम्म्याहून कमी झाली तर दुखणं त्याच नसांतून येतं हे कळतं. मुळीच फरक पडला नाही तर मूळ दुसरीकडे शोधायला हवं, आणि वृषणावर चाकू चालवून उपयोग नाही हेही कळतं. ज्यांना इंजेक्शनचा गुण येतो त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली रज्जूतल्या नसा कापण्याची शस्त्रक्रिया आहे. वृषणाची धमनी आणि लसीका वाहिन्या राखून फक्त नसा कापायच्या, म्हणजे वृषण जागेवर राहतो. नीट निवडलेल्या दहा रुग्णांपैकी सात-आठ जणांना तिने चांगला आराम पडतो. हे कौशल्याचं काम आहे, सगळीकडे होत नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर जावं.

वृषण काढणं हा सर्वांत शेवटचा उपाय. ‘काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको’ असं रुग्ण स्वतःच म्हणतो, आणि घाईत ते मान्य करणारेही भेटतात. पण वृषण काढल्यावरही बऱ्याच जणांची कळ तशीच राहते, कारण ती जिथून येत होती ती जागा शरीरातच असते. शेजारच्या बीड जिल्ह्याकडे बघा. पाळीच्या त्रासावर, पांढरं जाण्यावर, कंबरदुखीवर ऊसतोडणी कामगार बायकांची गर्भाशयं काढली गेली. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा अशा १३ हजारांहून अधिक बायका समोर आल्या. कष्टकऱ्याकडे वेळ नसतो, कामावर खाडा परवडत नाही, आणि अवयव काढून टाकणं त्याला झटपट वाटतं. त्या बायकांना आधी तपासणी मिळायला हवी होती. वृषण काढा म्हणून येणाऱ्या हमालाचाही हक्क तोच आहे.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: पोटाची आणि मणक्याची तपासणी झाली का, भुलीच्या इंजेक्शनने आराम पडला होता का, नसा कापण्याची शस्त्रक्रिया माझ्यासाठी शक्य आहे का, आणि काढूनही दुखणं राहिलं तर पुढे काय. ज्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला तुम्ही मोकळे आहात. जाताना जुने सगळे कागद बरोबर न्या, तेलाची बाटलीसुद्धा. कुठल्या वेळी, कुठल्या हालचालीने, किती दुखतं हे आठवडाभर लिहून काढा. बायकोला बरोबर न्यायचं असेल तर न्या, तिला त्रासाचा पत्ता बहुधा तुमच्याआधी लागलेला असतो.

आता प्रश्नांसाठी चिठ्ठ्या फिरवल्या जातील. नाव लिहू नका. वय आणि दुखणं कधीपासून आहे तेवढं मात्र लिहा, त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.